वाचनांतील ममत्व

लहान मुलांच्या हातीं अद्भुत कथा द्याव्या कीं देऊं नयेत, हा वाद बराच जुना आहे आणि आतां तो बहुतेक शिळाही झाला आहे. राक्षस, उडते घोडे आणि मंतरलेल्या अंगठ्या यांच्या सहवासानें मुलें आळशी होतात, असें म्हणणारे लोक एके काळीं पुष्कळ होते. पण त्यांचीं स्वतःचीं मुलें ज्या आजीच्या कुशींत निजत, ती आजी त्यांचें ऐकत नसे, आणि त्यामुळें व्यवहारांत त्या वादाचा निकाल केव्हांच लागून गेला. आज आम्हांस ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो याच्याच शेजारचा, पण अधिक नाजूक आहे. मूल अद्भुत कथा वाचतें, इतकेंच नव्हे, तर वाचतां वाचतां "हें माझेंच आहे", "हा मीच आहें" असें म्हणूं लागतें. या म्हणण्याचें मोल काय? हा वाचनांतला दोष समजावयाचा कीं गुण? आणि गुण असेल, तर तो मुलानें वडील माणसांस उघडून दाखवावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

हा प्रश्न आम्हांस केवळ तर्कानें सुचलेला नाहीं. एका वहीच्या पानानें तो आमच्यापुढें आणून ठेविला. आमच्या एका स्नेह्यांची कन्या तेव्हां सातवींत शिकत होती. आवडतें पुस्तक कोणतेंही घ्या, आणि त्याचा तुमच्या आयुष्याशीं काय संबंध जुळतो तें मराठींत पानभर लिहा, असें काम तिला शाळेंतून मिळालें होतें. अशीं कामें हल्लीं पुष्कळ शाळांतून देतात. आणि सारांश घोकण्यापेक्षां तीं बरीं, असें आमचेंही मत होतें. मुलीनें निवडलेलें पुस्तक म्हणजे मिखाएल एंडे या जर्मन ग्रंथकाराची, १९७९ सालीं प्रसिद्ध झालेली, 'न संपणारी गोष्ट' अशा अर्थाच्या नांवाची अद्भुत कादंबरी. तिनें ती इंग्रजी भाषांतरावरून वाचली होती. शुद्धलेखन तपासून घेण्यासाठीं ती वही घेऊन आमच्याकडे आली.

पानावरील मजकूर नीटनेटका होता. कथेंतील मुलगा बास्टियन याला वाचनाचें वेड आहे, मलाही आहे. तो शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो, मी गच्चीच्या जिन्यांत बसून वाचतें. त्याला कवायतीच्या तासाची धास्ती वाटते, मलाही वाटते. असें एकास एक जोडून दाखविलेलें होतें. त्याच्या वरच्या बाजूस मात्र तीन ओळी लिहून मग आडव्या रेघांनीं खोडल्या होत्या. खोडलेलें वाचूं नये हा सभ्यपणा आहे. पण तपासणाऱ्याच्या अंगीं तो राहत नाहीं. ओळी अशा होत्या: "आत्रेयूचा घोडा चिखलांत बुडाला. आत्रेयू बुडाला नाहीं, कारण त्याच्या गळ्यांत पदक होतें. माझ्याही गळ्यांत होतें." आम्हीं फारसा विचार न करतां म्हटलें, "हें खोडलेंस तें बरें केलेंस. तुझ्या गळ्यांत कसलें पदक? खालचें मात्र छान जुळलें आहे." मुलगी "हो" म्हणाली, चार ठिकाणचे ऱ्हस्वदीर्घ तिनें दुरुस्त करून घेतले आणि ती निघून गेली.

ज्या वाचकांनीं हें पुस्तक पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. बास्टियन हा दहाअकरा वर्षांचा, लठ्ठ, भित्रा, आई वारलेला मुलगा. वर्गांतील मुलांचा छळ चुकवीत तो एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरतो, तेथून एक पुस्तक चोरतो, आणि शाळेच्या माळ्यावर दडून तें वाचीत बसतो. त्या पुस्तकांत फांटाझिएन नांवाच्या कल्पनाराज्याची कथा आहे. तेथील बालसम्राज्ञी आजारी असून तिच्या आजाराबरोबर सारें राज्य शून्यांत विरून चाललें आहे. तिच्यासाठीं उपाय शोधावयास आत्रेयू नांवाचा, बास्टियनच्याच वयाचा, एक शिकारी मुलगा निघतो. मूळ जर्मन ग्रंथांत माणसांच्या जगांतील मजकूर तांबड्या शाईनें व फांटाझिएनमधील मजकूर हिरव्या शाईनें छापलेला आहे. तांबड्या शाईंतला मुलगा हळूहळू हिरव्या शाईकडे ओढला जातो. राज्य वांचावयाचें तर सम्राज्ञीस नवें नांव मिळालें पाहिजे, आणि तें देऊं शकणारा माणूस म्हणजे खुद्द वाचकच, हें त्याला कळून चुकतें. आणि पुस्तकाच्या मध्यावर तें नांव उच्चारून तो आंत जातो. म्हणजे वाचकाचें गोष्टीविषयींचें ममत्व हाच या कादंबरीचा विषय आहे.

मुलीनें खोडलेला प्रसंग पूर्वार्धांतला आहे. आत्रेयू आणि त्याचा आर्टाक्स नांवाचा बोलणारा घोडा हे दुःखाच्या दलदलींतून चालले आहेत. त्या दलदलींत जो पाऊल टाकतो त्याच्या मनांतली आशा ओसरूं लागते, आणि आशा गेली कीं पाय आपोआप रुततात. घोडा रुतूं लागतो. आत्रेयू मात्र रुतत नाहीं, कारण सम्राज्ञीचें पदक त्याच्या गळ्यांत आहे. तो तें काढून घोड्याच्या गळ्यांत घालूं पाहतो, तर घोडाच त्याला अडवितो. पदक तुला दिलेलें आहे, तें दुसऱ्यास देण्याची तुला मुभा नाहीं, असें तो सांगतो. आणि माझा शेवट पाहत थांबूं नकोस, अशी विनंति करतो. आत्रेयू पुढें जातो. यानंतर कथेंत साहसें पुष्कळ आहेत. पण हा प्रसंग वाचल्यावर कांहीं वेळ पुस्तक मिटून ठेवावें लागतें.

त्या तीन ओळींचा अर्थ आम्हांस कांहीं आठवड्यांनीं मुलीच्या आईकडून समजला. २०२० सालच्या मार्चांत साथीमुळें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या तेव्हां ही मुलगी तिसरींत होती. पुढील धडे फोनवर येऊं लागले. हिच्या घरीं हिच्यापुरता एक जुना फोन मोकळा होता. हिच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरीं एकच फोन होता, आणि तो दिवसभर रिक्षावाल्या वडिलांच्या खिशांत असे. आरंभीं ती मैत्रीण हिच्याकडे येऊन धडे पाही. पुढें इमारतीच्या फाटकांत बाहेरच्यांस मज्जाव झाला. एके दिवशीं तिनें फाटकापलीकडून विचारलें, संध्याकाळपुरता फोन देशील का? हिनें उत्तर दिलें, फोन माझा नाहीं, मला वापरायला दिलेला आहे. हें अक्षरशः खरें होतें. शाळा पुन्हा उघडली तेव्हां बाकावरची ती जागा रिकामी होती. खोली सोडून तें कुटुंब गांवीं गेलें होतें.

मुलीनें गोष्टींत स्वतःस कोठें पाहिलें, हें आतां वाचकांच्या लक्षांत येईल. शूर आत्रेयूंत नव्हे, पुस्तकवेड्या बास्टियनमध्येंही नव्हे. दुसऱ्याच्या पायाखालचा चिखल जो पाहतो आणि स्वतः मात्र बुडत नाहीं, अशा मुलांत. तीन वर्षें तिच्या मनांत जें बिननांवाचें पडून होतें, त्याला एका परदेशी गोष्टीनें आकार दिला. आणि तो आकार तिनें कागदावर उतरविला, लगेच खोडला, व खोडल्याबद्दल आमच्याकडून शाबासकी मिळविली.

आमचें स्वतःचें लहानपण आठवतां आम्हांस याहून निराळ्या जातीचें ममत्व आठवतें. नाथमाधवांची 'वीरधवल' वाचून आम्ही उन्हाळ्याची एक संबंध सुटी वीरधवल होऊन हिंडलों. पेरूची फांदी ही तरवार, आणि परसांतला हौद हा खंदक. तो शूर, म्हणून आम्ही शूर. या समीकरणास पुरावा कोणीं मागितला नाहीं. त्या ममत्वानें आम्हांस निर्भेळ आनंद दिला, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण त्यानें आमच्याकडून कांहीं घेतलें नाहीं, हेंही खरें. पुढें मोठेपणीं समजलें कीं, हे ग्रंथकार, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीस गेले असतां सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेपासून खालीं लुळे झाले होते आणि त्या स्थितींत त्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या. ज्याच्या घोडदौडी आम्हीं खुशाल आमच्या म्हणून घेतल्या, त्याचे स्वतःचे पाय त्याला दाद देत नव्हते. हें कळल्यावर 'वीरधवल' पुन्हा हातीं घेतली तेव्हां ती निराळीच वाटली. पहिल्या वाचनांत ती सर्वस्वी आमची होती. दुसऱ्या वाचनांत ती आणखी कोणाची तरी आहे अशी जाणीव झाली, आणि आश्चर्य हें कीं, तेवढ्यानेंच ती पूर्वींपेक्षां जवळची झाली.

आपल्या साहित्यशास्त्रानें 'हें माझें' या भावनेकडे संशयानेंच पाहिलें आहे. दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तानें भरताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेंत रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं एक असें कीं, प्रेक्षक रंगभूमीवरील सुखदुःख 'हें माझें' किंवा 'हें अमक्याचें' अशा कुंपणांत कोंडून घेतो. दुसरें असें कीं, घरून आणलेल्या स्वतःच्या सुखदुःखानें तो इतका व्यापलेला असतो कीं नाटकाकडे त्याचें चित्त लागत नाहीं. त्याच्या आधीं भट्टनायकानें मांडलेल्या साधारणीकरणाच्या उपपत्तीचें तात्पर्यही असेंच आहे: भाव एका व्यक्तीच्या दाव्यांतून सुटल्यावांचून त्याचा रस होत नाहीं. या दृष्टीनें पाहतां, शाळेनें त्या मुलीस दिलेलें काम म्हणजे विघ्नाचीच शिकवण ठरेल; आणि आमची वीरधवलाची सुटी म्हणजे दोन महिने चाललेलें रसविघ्न ठरेल.

परंतु त्याच शास्त्राची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. रसिकाला तें 'सहृदय' म्हणतें, आणि ज्याच्या चित्तांत पूर्वानुभवाच्या वासना नाहींत त्याला रस मिळणारच नाहीं, असेंही सांगतें. ज्यानें कोणाचा विरह कधींच सोसला नाहीं त्याच्यापुढें विरहाचें नाटक म्हणजे केवळ हातवारे. तेव्हां स्वतःचा अनुभव हें बीं आहे. बीं नसेल तर शेत पडीक राहील. आणि बीं कणगींतच जपून ठेविलें तरी पीक यावयाचें नाहीं. शास्त्राचा आक्षेप बियाण्यावर नसून कणगीवर आहे, असें आम्हांस वाटतें.

मराठींत न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीचा जो सिद्धांत मांडला, त्यानें या कोड्याची एक गांठ सोडविली आहे. वाचक आपलें 'मी'पण टाकून देत नाहीं आणि तरीही दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो. एकाच वेळीं आपण आणि दुसरा असें दोन्ही होण्यांतच वाङ्मयीन आनंद आहे, असा त्याचा आशय. 'मी'पण शिल्लक राहतें हें त्यांनीं मान्य केलें, हा मोठाच लाभ. पण या सिद्धांतानें आनंदाची उपपत्ति लागते. टोंचणीची लागत नाहीं. आमची मुलगी एकाच वेळीं आत्रेयू होती आणि स्वतःही होती. मात्र त्या दुहेरीपणांत आनंद थोडा होता आणि कांटा मोठा होता. येथें रसाचा प्रश्न संपून नीतीचा सुरू होतो.

त्या नीतीची परीक्षा एंडे यांनीं कादंबरीच्या उत्तरार्धांत घेतली आहे, आणि ती फार कडक आहे. फांटाझिएनमध्यें गेलेल्या बास्टियनला तेंच पदक मिळतें. त्याच्या पाठीवर मनास येईल तें करण्याची मुभा कोरलेली आहे. बास्टियन सुंदर होतो, बलवान होतो, शूर होतो, कीर्तिमान होतो. पण पुऱ्या झालेल्या इच्छांबरोबर त्याच्या मागील आयुष्याच्या आठवणी एकेक पुसल्या जात आहेत, आणि पुसल्या गेल्या हेंही त्याला कळत नाहीं. सुंदर झाल्यावर आपण कधीं लठ्ठ होतों हें त्याला आठवत नाहीं. शेवटीं तो सम्राट होऊं पाहतो, आणि त्याला सांवरूं आलेल्या आत्रेयूस तरवारीनें जखमी करतो. मग त्याला एक शहर लागतें. त्याच्यासारखेच पूर्वीं बाहेरून आलेले आणि सम्राट होऊं पाहिलेले लोक तेथें राहतात. त्यांच्या सर्व आठवणी संपल्या आहेत. म्हणून त्यांना कांहीं इच्छितां येत नाहीं, आणि म्हणूनच परतीची वाटही नाहीं. अक्षरांचे फांसे टाकीत ते दिवस काढतात. केवळ स्वतःस सजविण्यासाठीं गोष्टी वाचणाऱ्या वाचकाचें याहून भयंकर चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं. आमची ती पेरूची फांदी याच शहराच्या वाटेवरची होती. सुटी संपली म्हणून आम्ही वांचलों, इतकेंच.

बास्टियन परततो कसा, हें त्याहून विचारणीय आहे. विसरल्या गेलेल्या स्वप्नचित्रांची एक खाण आहे. तेथें अंधारांत खणून त्यानें स्वतःसाठीं एक चित्र मिळवावयाचें आहे. पुष्कळ दिवसांनीं त्याला एक चित्र सांपडतें. पांढरा अंगरखा घातलेला, हातांत दांतांचा सांचा धरलेला एक माणूस बर्फाच्या लादींत अडकला आहे, आणि त्याचा चेहरा उदास आहे. हा आपला बाप, कृत्रिम दांत बनविणारा, बायको वारल्यापासून मुका झाल्यासारखा वागणारा बाप, हें बास्टियनला आठवत नाहीं; त्याला केवळ त्या माणसाविषयीं ओढ वाटते. तेवढीच ओढ त्याला बाहेर आणते. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, ज्या चित्राच्या धाग्यानें वाचक घरीं परततो तें चित्र वाचकाचें स्वतःचें नाहीं. आणि शेवटल्या दारापाशीं जेव्हां त्याचें नांवही हरपलेलें असतें, तेव्हां त्याच्यासाठीं जामीन राहतो तो त्यानेंच जखमी केलेला आत्रेयू. बापासाठीं ओंजळींत आणलेलें जीवनाचें पाणी वाटेंत सांडून जातें. परंतु घरीं येऊन तो सारी हकीकत बापाला सांगतो, आणि बापाचे डोळे भरून येतात. एंडे यांचे स्वतःचे वडील, एडगार एंडे, हे स्वप्नासारखीं चित्रें काढणारे चित्रकार होते, आणि नाझी राजवटीनें त्यांस चित्रें प्रदर्शित करण्याची बंदी केली होती. मुलानें बापाचें चित्र खाणींतून खणून काढावें, ही कल्पना कोठून आली असेल याचा तर्क वाचकांनींच करावा.

या ग्रंथकारावर त्याच्या देशांत पलायनाचा आरोप होत असे. त्याला उत्तर देण्याचें कारण आतां उरत नाहीं. टोल्कीन या इंग्रज ग्रंथकारानें १९३९ सालच्या परीकथांवरील व्याख्यानांत, तुरुंगांतून सुटूं पाहणारा कैदी आणि रणांतून पळणारा शिपाई यांत फरक करण्याविषयीं टीकाकारांस बजावलें होतें. तो फरक योग्यच आहे; पण एंडे आणखी एक प्रश्न विचारतात. सुटलेला कैदी कोणाकडे गेला?

येथवर आल्यावर आमचें मत आम्ही थोडक्यांत सांगतों. गोष्टीशीं नातें जोडण्याचे दोन प्रकार आहेत. एकांत वाचक गोष्टींतून कांहीं उचलून आपल्या अंगावर घालतो. दुसऱ्यांत गोष्ट वाचकाकडे कांहीं मागते. पहिला प्रकार बाल्यांत स्वाभाविक आहे, व त्याबद्दल मुलांस रागें भरणें हा शुद्ध अरसिकपणा आहे. पण दुसरा प्रकार आला म्हणजे वाचन पुरें झालें. दोहोंतील भेद ओळखण्याची खूणही सोपी आहे: त्या नात्यांत तिसरें माणूस आहे काय, तें पाहावें. वाचक आणि नायक एवढे दोघेच असतील, तर तेथें आरसा आहे. वाचक, नायक आणि फाटकापलीकडे उभी असलेली मैत्रीण अशीं तिघें असतील, तर तेथें दार आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, आठनऊ वर्षांच्या मुलीच्या माथीं हा अपराध कशाला? तिनें काय पाप केलें? आम्ही म्हणतों, कांहींच नाहीं. धडे फोनवर नेणारे, फाटक लावणारे आणि फाटकाआड सुखानें राहणारे सारे वडील माणसेंच होतों. आमच्या इमारतीच्या सभेंत असाच मज्जाव ठरला तेव्हां आम्हींही हात वर केला होता. परंतु निर्दोष माणसासही खंत वाटते, आणि ती खंत वाटण्याजोगी असते. तिला अपराध म्हणणें जितकें चूक, तितकेंच 'त्यांत काय झालें' म्हणून पुसून टाकणेंही चूक. अद्भुत कथेचा उपयोग नेमका येथें आहे. फोन, फाटक आणि रिक्षा असलेली गोष्ट कोणीं त्या मुलीपुढें ठेविली असती, तर आपल्यावर ठपका येतो आहे असें वाटून तिनें ती मिटली असती. चिखल, घोडा आणि पदक यांनीं तिला बेसावध गांठलें. त्या गोष्टींत आत्रेयूला कोणी दोष देत नाहीं, आणि त्याचें खोटें समाधानही कोणी करीत नाहीं. मोठ्या माणसांपैकीं एकालाही तिच्याशीं इतक्या नीटपणें वागतां आलें नव्हतें.

आणि म्हणूनच शाळेच्या त्या कामाविषयींचें आमचें मत आतां पालटलें आहे. जें नातें खरें असतें तें मूल लिहितें आणि खोडतें. जें खोडीत नाहीं तें बहुधा गुणांसाठीं असतें. "सांग, यांत तुझें काय आहे?" असा प्रश्न आपण सद्धेतूनें विचारतों, पण मुलाला ऐकूं येतें तें असें: "तुझें दाखविण्याजोगें काय आहे?" मग बिचारें मूल वाचनाची आवड, कवायतीची धास्ती, गच्चीचा जिना असला माल मांडून बसतें, आणि आपण तो पसंत करतों. शिक्षकांस आमची सूचना एवढीच कीं, पुस्तकाविषयीं अवश्य विचारावें. पात्रें, प्रसंग, भाषा, सर्व कांहीं विचारावें. पण हें एक पान वहींत कोरें सोडावें, आणि तें कधीं तपासूं नये. भरलें तर मूल भरील.

हें सर्व मनांत आल्यावर आम्ही त्या मुलीकडे गेलों आणि आमची चूक झाली असें तिला सांगितलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पण काका, मग आत्रेयूनें काय करायला हवें होतें?" आम्हांस उत्तर आलें नाहीं. थांबला असता तर राज्य गेलें असतें. गेला तर घोडा गेला. आम्हीं तसें कबूल केलें. इतकें मात्र म्हणालों कीं, बास्टियनच्या ओंजळींतलें पाणी सांडलें तरी तो घरीं जाऊन बोलला.

पुढच्या रविवारीं मुलगी आणि तिची आई मैत्रिणीच्या जुन्या खोलीवर गेल्या. तेथें दुसरें कुटुंब राहत होतें. शेजारच्या बाईंना गांवाचें नांव आठवेना. तालुका तेवढा सांगतां आला. तेथील शाळा किती, त्यांतल्या कोणत्या शाळेंत विचारावयाचें, याची चौकशी आतां चालू आहे, आणि त्या कामीं आम्हींही दोन पत्रें लिहिलीं आहेत. तें पुस्तक मध्यंतरीं आमच्याकडे वाचावयास होतें. पहिल्या पानावर मुलीनें आपलें नांव पूर्वींच घातलेलें होतें. त्याखालीं आतां पेन्सिलीनें आणखी एका मुलीचें नांव आणि एका तालुक्याचें नांव लिहिलेलें आहे. हें तिनें आम्हांस दाखविलें नाहीं. पान उलटतांना तें आम्हांस दिसलें, आणि या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं.